एक फेरी जास्त

१

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी चपला बदलायच्या, हात डेटॉलने धुवायचे, निळा डगला चढवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. पहिल्या तीन गोष्टी मला पहिल्याच आठवड्यात जमल्या. चौथी कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला जन्मात जमत नाही, पण पीएचडीसाठी माणूस काय काय करतं.

१९९८ सालची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या मागे, सायकल स्टँडला लागून ती खोली होती. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. उंदीर रात्रीचे जागतात आणि आम्ही दिवसा, म्हणून आम्ही त्यांच्या दिवसाची रात्र केली होती. बाहेर टळटळीत दुपार असायची आणि आत एक लाल बल्ब. पंख्याची घरघर, भाताच्या तुसाचा आणि मुताचा वास, आणि चारी बाजूंनी बारीक खुसखुस. नवीन माणसाला तिथे पाच मिनिटं बसवत नसे. मला मात्र ती खोली आवडायची. घरी कुणी ना कुणी ओरडून बोलत असे, इथे सगळे कुजबुजत.

माझा विषय होता आईपण. कागदावर त्याचं नाव फार लांबलचक होतं, पण माझ्या आईला, अव्वाला, मी एवढंच सांगितलं होतं. न व्यालेल्या मादीला पिल्लांचा तिटकारा असतो. परकं पिल्लू समोर ठेवलं की ती मागे सरते, तूस लोटून त्याला झाकून टाकते. तीच मादी व्यायला झाली की अंगात इस्ट्रोजेन चढतं, प्रोलॅक्टिन चढतं, मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं, आणि कालच्या तिटकाऱ्याची आज माया होते. मग तिला कुणाचंही पिल्लू चालतं. मेंदूला ‘कुणाचं’ हा प्रश्नच पडत नाही, आणि हे मला त्या वेळी फार थोर वाटायचं. मी न व्यालेल्या माद्यांच्या मेंदूत बारीक नळीतून ऑक्सिटोसिनचा थेंब सोडायचे आणि त्या आई होतात का ते बघायचे. निम्म्या माद्यांना औषध, निम्म्यांना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी.

परीक्षा सोपी होती. एका कोपऱ्यात मादीचं घरटं. बाकी पिंजऱ्यात परकी पिल्लं लांब लांब ठेवायची, चार. आई झालेली मादी एकेक पिल्लू हलकेच तोंडात धरते आणि घरट्यात नेऊन ठेवते. न झालेली लांबूनच नाक हलवते. पिल्लं फार परकी वाटू नयेत म्हणून आधी ती त्या मादीच्या घरट्यातल्या चिंधीने पुसायची, की तिचाच वास त्यांना लागतो. चिंध्या मी घरून आणल्या होत्या. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अव्वाने तिचं जुनं इरकली लुगडं फाडून बाळाची दुपटी केली होती, त्यातले उरलेले तुकडे. मिठाच्या पाण्याच्या पिंजऱ्यांतल्या चिंध्यांवर मी निळ्या शाईचा ठिपका काढला होता, अदलाबदल नको म्हणून.

त्या दुपारी मिठाच्या पाण्याच्या एका मादीने चारही पिल्लं गोळा केली. तेवढं होतं कधी कधी. पिल्लांच्या सहवासाने काही माद्यांना औषधाशिवायही माया सुटते. मी तशी खूण केली आणि झाकण उघडायला उठले, तर मादी पुन्हा घरट्याबाहेर आली. माझ्या बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात गेली. मान खाली घातली, तोंड उघडलं, अलगद मिटलं, आणि मान उंच धरून, पाय जपून टाकत परत गेली. घरट्यात तोंड खाली नेऊन उघडलं. मग बराच वेळ ती तिथे काहीतरी चाटत बसली.

पिंजरे धुणारे आमचे चमनभाई माझ्या खांद्यामागून बघत होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “एक पिल्लू कमी मोजलासा काय?”

मी झाकण काढून मोजलं. चारच होती.

२

घरी बाळंतिणीच्या खोलीचेही नियम होते. बाहेरून आलं की पायरीवर पाय धुवायचे, शेगडीवर हात शेकायचे आणि मगच आत जायचं. दिवसभर एका अंधाऱ्या उबदार खोलीत बसून मी दुसऱ्या अंधाऱ्या उबदार खोलीत यायचे. शिवाजी पेठेतलं आमचं घर लहान. अप्पा गेल्यापासून त्यात अव्वा आणि मी दोघीच. आता मधल्या खोलीची खिडकी बंद करून तिथे रक्षिताची खाट टाकली होती. ओव्याची धुरी, शेपाचा वास, आणि पाळण्यात दीड वितीची एक पोरगी.

रक्षिता माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. संकेश्वरला दिलेली, खतांच्या दुकानदाराला, रुद्रेशला. लहानपणी ही पोरगी रस्त्यावरची कुत्र्याची पिल्लं परकराच्या ओच्यात घालून घरी आणायची आणि अव्वाचा मार खायची. आणि आता स्वतःच्या लेकीकडे बघत नव्हती. पाजायला दिली की पाजायची, तोंड भिंतीकडे करून. पाजून झालं की हात बाजूला, जसं काही कुणाचं सामान उतरवून ठेवलं.

“अक्का,” एकदा ती मला म्हणाली, “मला कायच वाटत न्हाय गं हिच्याबद्दल. कुणीतरी ठेवायला दिलीय आणि न्यायला यायचं विसरलंय, असं वाटतंय.”

“पयलटकरणीचं असंच असतंय!” अव्वा स्वयंपाकघरातून ओरडली. आमच्या घरात खाजगी बोलणं असं काही नसतंच.

मी रक्षिताला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, हे बऱ्याच जणींना होतं, दोन-तीन आठवडे थांबा म्हणाले. मीही तिला माझ्या परीने समजावलं. हा तुझा दोष नाही, अंगातल्या रसायनांचा मेळ बसायला वेळ लागतो, अमुक उतरतं, तमुक चढत नाही. ती शांतपणे ऐकत होती.

“मग आण की तुझ्या लॅबमधनं,” ती म्हणाली. “टोच मला. मी न्हाय म्हणणार न्हाय.”

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या सासूबाई, गौराबाई, दोनदा येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्यांची नजर पाळण्यापेक्षा सुनेवर जास्त होती. जाताना दारात त्या अव्वाला म्हणाल्या, “लेकराला हात लावत न्हाय ही. असंच ऱ्हायलं तर रुद्रेश न्यायला येईल तवा बघतो. डोकं ठिकाणावर असलं तर दोघींना नेतो, न्हायतर पोरगी तेवढी नेतो.” हे त्या हळू बोलल्या, म्हणून मला ते जास्त खरं वाटलं.

३

एक फेरी जास्त घालणारी मादी एकटी राहिली नाही. आठवडा संपायच्या आत मिठाच्या पाण्याच्या सगळ्या माद्या तसं करू लागल्या. औषधवाल्या मात्र सरळ. चार पिल्लं गोळा करायची, त्यांच्यावर पसरून बसायचं, विषय संपला.

मी शिकलेली बाई आहे, कारण सापडल्याशिवाय मला झोप लागत नाही. कारण होतं. पिल्लू तोंडात धरून नेणं ही मेंदूत भरून ठेवलेली हालचाल आहे. त्या हालचालीला रेटा देणारं डोपामिन जरा जास्त झालं तर पिल्लं संपली तरी हालचाल संपत नाही. जिना संपल्यावर आपण नसलेल्या पायरीवर पाय टाकतो, त्यातलाच प्रकार. मी पिंजरे कढत पाण्याने धुवायला लावले, तूस बदललं, पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या. स्टूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. त्या दिवशी माद्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात गेल्या. जिथे मी बसेन तिकडचा कोपरा.

तरी ते चाललं असतं. मला खटकलं ते वेगळंच. परत येताना मादी मान उंच धरायची. रिकाम्या तोंडाने उंदीर तसा चालत नाही. ओझं जमिनीला घासू नये म्हणून ती तशी धरतात. आणि घरट्यात जिथे ती ते ‘ठेवायची’, तिथे नंतर ती पाय देत नसे, वळसा घालून जायची. पिल्लंसुद्धा. चार पिल्लं एकमेकांना चिकटून गोळा करतात, डोळे न उघडलेली, ऊब लागेल तिकडे तोंड खुपसणारी. तर त्या गोळ्याच्या मधोमध एक जागा मोकळी राहायची. त्या जागेच्या भोवती ती झोपायची.

“बोट घालून बघा की,” चमनभाई म्हणाले.

“तुम्हीच बघा.”

“मी कशाला बघू? मी काय पीएचडी करालोय?” असं म्हणून ते जे गेले, ते पुन्हा त्या रांगेचे पिंजरे धुवायला आले नाहीत. मी धुवायचे. बोट काही मी घातलं नाही. घातलं असतं तर निदान ‘काही नव्हतं’ असं आज छातीठोकपणे म्हणता आलं असतं.

४

चिंधीची युक्ती रक्षितावर करून बघायची कल्पना माझी. सुचली तेव्हा माझं मलाच हसू आलं. परकं पिल्लू मादीच्या वासाने माखलं की ती त्याला घेते, मग सख्खं का नाही घेणार? त्यात धोका तरी काय होता? कापडाचा तुकडा. रविवारी सकाळी दोरीवर वाळलेल्या दुपट्यांतलं एक छोटं ओढलं, रक्षिताला दिवसभर चोळीत छातीशी ठेवायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी अव्वाने बाळाला न्हाऊ घातल्यावर मी त्याच दुपट्याने पोरीचं अंग हळूहळू पुसलं. डोकं, मान, पाठ, बगला.

“उंदीर समजलीस व्हय मला?” रक्षिता म्हणाली आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मी पोरगी तिच्या मांडीवर दिली. तिने नेहमीसारखं तोंड फिरवलं, मग थांबली. खाली वाकून तिने टाळूचा वास घेतला. पुन्हा घेतला. आणि मग जी रडायला लागली! पोरगीला छातीशी गच्च धरून, तिचे तळवे, बोटं, कानाच्या पाळ्या बघत. “अगं, तू हायस व्हय? तू हायस व्हय गं?” अव्वा पदर डोळ्याला लावून दारात उभी होती, आणि मीही रडले. इतकी वर्षं मी माद्यांना आई होताना बघत आले, पण माझ्या हाताने झालेली ही पहिलीच. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी दुपटी घडी घालताना ते छोटं दुपटं हातात आलं. त्याच्या कोपऱ्यात निळा ठिपका होता.

शनिवारी मी डगला धुवायला घरी आणायचे. खिशात एक चिंधी राहिली असणार आणि अव्वाने ती बाळाच्या धुण्यात टाकली असणार. एकाच लुगड्याचे तुकडे, तिला कसं कळावं? मीही न बघता ओढली. मी स्वतःला सांगितलं की अव्वा बाळाचे कपडे खळखळत्या पाण्यात काढते, त्यात कसला जंतू राहत नाही. ते खरंही होतं. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही, आणि पाळण्याजवळून रक्षिताचा गुणगुणण्याचा आवाज येत होता, तो ऐकत बसले.

५

आमच्यात, लिंगायतांत, बाळाला लिंग बांधतात. अय्या, म्हणजे आमचे जंगम, सकाळी घरी आले. शेजारच्या चार बायका, गौराबाई, अव्वाची धावपळ. रक्षिताने हिरवी साडी नेसली होती, चेहऱ्यावर तेज होतं. पोरगी उजव्या मांडीवर. अय्यांनी विभूती लावली, मंत्र म्हटले, दोऱ्यात ओवलेलं लिंग बाळाच्या अंगावर बांधलं. गौराबाईंच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैलावलेल्या मी पाहिल्या, आणि मला हायसं वाटलं.

“आणि हिला?” रक्षिता म्हणाली.

ती डावी बाजू थोडी पुढे करून बसली होती. डावा हात कोपरात वाकलेला, तळवा वर.

अय्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग पिशवीकडे. “एकच आणलंय बाळ,” ते म्हणाले. बायका हसल्या. बाळंतिणीला भान नसतं, जागरणं होतात, कुणाचंही होतं असं. मीही हसायला बघत होते. तेवढ्यात अव्वा पुढे आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “हिचं मागनं बांधूया. आत्ता झोपू दे.”

गौराबाई हसल्या नाहीत. त्या उठून बाहेर गेल्या आणि जाताना माझ्याजवळ थांबल्या.

“रुद्रेश अमावस्या झाली की येतोय,” त्या म्हणाल्या. “सांगून ठेवलंय मी तुमच्या आईला काय ते.”

६

डॉक्टरांनी मनाचे भ्रम म्हणून गोळी बदलली. मी ती वेळेवर देत होते. ठिपक्याची चिंधी मी बंबात घातली, ती जळून राख होईपर्यंत तिथे उभी राहिले. लॅबमधल्या उरलेल्या चिंध्याही काढून टाकल्या. फरक कशातच पडला नाही.

सुरुवातीला रक्षिताला दोघीही सारख्या होत्या. मग हळूहळू तसं राहिलं नाही. पोरगी पाळण्यात रडून निळी व्हायची आणि ही खाटेवर कुशीला थोपटत बसलेली. “अगं ती रडतीय,” म्हटलं की दचकून उठायची, घ्यायची, पाजायची, पण लक्ष खाटेकडे. आठवड्याच्या वजनाला पोरगी घटली होती. माया नव्हती असं नाही, माया होती आणि ती कुठेतरी दुसरीकडे जात होती. हे मला जास्त भयंकर वाटलं.

पाजताना ती एकाच अंगाला घ्यायची. “ह्या बाजूला ती असती,” डाव्या अंगाला हात लावून म्हणायची. दूध उतरलेल्या बाईने एक बाजू पाजली नाही तर काय होतं ते कुणाही बाईला माहीत असतं. गाठी होतात, ताप भरतो, हात लावू देत नाही. मी अव्वाला म्हटलं, तिची डावी बाजू बघ, शेकायला हवी. अव्वाने बघितली आणि माझ्याकडे न बघता पदर नीट केला.

“दोन्ही मऊ हायत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे दोन्ही रिकाम्या होत्यात.”

मी त्या दुपारी लॅबमध्ये गेले आणि पहिल्या मादीला उचलून उताणं केलं. तिची पिल्लं पिंजऱ्याच्या टोकाला विखुरलेली होती, हाताला गार लागत होती. ती रिकाम्या घरट्यावर कमान करून बसली होती, पाजायला बसतात तशी. मी उचलताना ती कधी नव्हे ती चावली. तिच्या पोटावर एका स्तनाग्राभोवतीचे केस चिकटून ओले झाले होते. एकाच. पिल्लांनीही चोखलं असेल, न व्यालेल्या मादीला सुद्धा पिल्लं लुचतात, हे मी स्वतः लिहिलेलं आहे. पण ती गार पिल्लं कधी लुचली असतील? मी ती पिल्लं त्यांच्या आयांना परत दिली, दार ओढून घेतलं आणि सायकल स्टँडच्या उन्हात बसून राहिले. त्या दिवशी एवढं कडक ऊन असून बरं वाटलं.

घरी आले तर अव्वा खाटेवरची उशी भिंतीकडे सरकवत होती. रक्षिता आणि भिंत यांच्यात हातभर जागा.

“अव्वा, तिथं कुणी नाही,” मी म्हटलं. मला रडू येत होतं, म्हणून आवाज चढला. “तू तरी तिच्या नादाला लागू नको.”

“मला म्हाईत हाय कुणी न्हाय,” अव्वा म्हणाली. “तू जरा जागा सोडून बस.”

७

रुद्रेश भर दुपारी आला. गल्लीत जीप येत नाही, म्हणून तोंडाशी लावून चालत आला. सरळ माणूस होता, हातात लेकीसाठी खुळखुळा होता. तो आणि गौराबाई बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले. त्याने दोनदा विचारलं, “रक्षिता बरी हाय न्हवं?” आणि दोन्ही वेळा अव्वाने आणखी चहा ओतला.

मी मधल्या खोलीत गेले. रक्षिता तयार होती. कानाला रुमाल बांधलेला, पायात चप्पल. दोन्ही हात छातीशी वाकवून, त्यावर शाल पांघरून ती उभी होती. शालीखाली काही नव्हतं, कापड आत खपाटीला गेलेलं दिसत होतं. पोरगी पाळण्यात जागी होती, हातपाय हलवत आढ्याकडे बघत होती.

“रक्षे, बाळ घे की.”

“घेतलंय की.”

“आणि ही?”

तिने पाळण्याकडे पाहिलं. तिला खरंच वाईट वाटत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. “हिला मागनं येऊन नेतो, अक्का. एका वेळी एकच जमतंय.”

ती अशी बाहेर गेली असती तर रुद्रेशने काय बघितलं असतं ते मला दिसत होतं. त्याने पाळण्यातली पोरगी उचलून नेली असती आणि ही इथे राहिली असती, रिकामे हात धरून, जन्मभर. मागनं येऊन नेण्यासारखं काही उरलं नसतं. मला विचार करायला वेळ नव्हता, आणि जे सुचलं ते नाटक आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

“तिला माझ्याकडे दे,” मी म्हटलं. “मी सांभाळते. तू हिला घेऊन जा.”

“तू?” ती क्षणभर जुनी रक्षिता झाली, जिभेची धार परत आली. “तुला उंदरांशिवाय काय सांभाळायची सवय हाय?”

“शिकेन.”

अव्वा कधी आत आली कळलं नाही. तिने पाळण्यातून पोरगीला उचललं आणि आमच्याजवळ येऊन उभी राहिली. बाहेरून रुद्रेशची हाक आली, “झालं काय?” आणि “आलोच!” असं अव्वा इतक्या मोठ्याने ओरडली की पोरगी रडायला लागली. रक्षिताने त्या रडण्याकडे मान वळवली. मग शालीकडे पाहिलं. मी उभ्या आयुष्यात कुणाला इतकं फाटताना पाहिलेलं नाही.

“नीट सांभाळशील न्हवं?” ती म्हणाली. “ती रडत न्हाय गं. भूक लागली तरी रडत न्हाय. आपणच ओळखायला लागतंय.”

“ओळखेन.”

“हात पुढं कर. डोकं धर.”

मी हात पुढे केले. तिने वाकून, शाल बाजूला करून, आपल्या हातांतलं माझ्या हातांवर ठेवलं. आधी काहीच नव्हतं. मग तिने आपले हात काढून घेतले, आणि माझे हात खाली गेले.

थोडेच. तान्ह्या लेकराने जावेत तेवढे. माझ्या डाव्या मनगटावर काहीतरी ऊबदार, वाटोळं टेकलं, जरा हललं आणि छातीकडे वळून स्थिर झालं. मी खाली बघितलं नाही. मी समोर बघत राहिले, कारण समोर अव्वा पोरगीला रक्षिताच्या मोकळ्या हातांत देत होती आणि रक्षिता तिच्याकडे असं बघत होती, जसं कुणी लांबच्या गावाहून परत येऊन बघावं. “अगं, किती वाळलीस गं माझे बाय,” ती म्हणाली आणि तिने पोरगीचं तोंड गालाला लावलं. पोरगी तिच्या आवाजाने गप्प झाली.

रक्षिता आणि अव्वा बाहेर गेल्या. गौराबाईंचा आवाज आला, “वरनं पदर घे, वारं लागंल तिला.” रुद्रेशचा खुळखुळा वाजला, तो हसला, सगळे एकदम बोलायला लागले. माझी बहीण आपल्या लेकीला घेऊन आपल्या घरी निघाली होती. मला एवढंच हवं होतं, आणि ते झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी जीप सुरू झाली आणि आवाज लांब गेला.

मी खोलीच्या मधोमध उभी होते. कारणं होती. फार वेळ हात धरून ठेवले की स्नायू जड होतात. मनाने घेतलं की कातडीला ऊब लागते. मी न व्यालेली बाई आहे, माझ्या अंगात यातलं काही चढायचं कारण नाही, चढलं तरी इतक्या लवकर चढत नाही. हे सगळं मी एकेक करून मनात म्हणत होते, आणि माझा उजवा हात त्याआधीच थोपटायला लागला होता.

अव्वा परत आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं.

मला भीती वाटायला हवी होती. पण मला वाटलं ते एवढंच, की हिला भूक लागली असेल.